घरचा नाताळ: हातानं करायच्या गोष्टी आणि त्यांना लागणारे दिवस

उंबरठा

नाताळावरचे धागे बहुतेक २० डिसेंबरच्या आसपास निघतात. तोवर केकसाठी रममध्ये मनुके घालायची वेळ टळलेली असते, पेराद (पेरूची वडी) वाळायला दिवस उरत नाहीत आणि गोठ्यातलं (येशूजन्माच्या देखाव्यातलं) हिरवं तण काही केल्या चार दिवसांत उगवत नाही. म्हणून हा धागा नोव्हेंबरातच काढतेय. विकतच्या वस्तूंची यादी नको. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, गॅलरीत, बैठकीच्या खोलीत होतील अशा गोष्टी लिहा: प्रमाणासकट, आणि कुठे बिघडतं तेही.

कामांचा क्रम मांडून ठेवते. आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या तयारीच्या चार रविवारांचा) पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये पडतो. केकचा सुका मेवा त्याच्या आधी भिजलेला हवा. त्या रविवारी चार मेणबत्त्यांचं कडं मांडायचं: तीन जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी एक जास्त पेटवायची, गुलाबीची पाळी तिसऱ्या रविवारी. गाण्यांची तालीम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली तरच २४ च्या रात्री कागदात बघून गावं लागत नाही. चांदणीचा (ताऱ्याच्या आकाराच्या कंदिलाचा) सांगाडा १० तारखेपर्यंत, पेराद १२ पर्यंत, गोठ्यातल्या तणासाठी नाचणी १३ ला पेरायची, कुलकुल (शंखाच्या आकाराचे तळलेले गोड तुकडे) १८ च्या पुढे. क्रॅकर (दोघांनी ओढून फाडायची कागदी नळकांडी) शेवटच्या आठवड्यात.

भेटींच्या चिठ्ठ्यांबद्दल (ज्याचं नाव निघेल त्याला भेट द्यायची) एक. सगळ्यांची नावं वाटीत टाकून ओढली, तर निदान एकाला स्वतःचंच नाव येण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के असते, आणि माणसं पाच असोत की पंधरा, हा आकडा फारसा बदलत नाही. म्हणूनच दर वर्षी 'परत ओढा, परत ओढा' चालतं. सोपा उपाय: नावं पिसून गोलात मांडायची आणि प्रत्येकानं आपल्या पुढच्याला भेट द्यायची. गोल ज्यानं मांडला त्याला मात्र सगळं कळतं. ते काम घरातल्या सगळ्यात लहान, गुपित पोटात ठेवू शकणाऱ्या माणसाला द्या. नियम एकच: भेट हातानं केलेली, सामानाचा खर्च १०० रुपयांच्या आत.

कामटी

चांदणीपासून सुरुवात करतो. आकाशकंदील केलेल्याला ही अवघड नाही, फक्त मापं अचूक हवीत.

लागतात ६० सेंटिमीटरच्या १० कामट्या. रुंदी ८ ते १० मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटर, याहून जाड नको. ओला बांबू तासला असेल तर कामट्या दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या. ओल्याच बांधल्या तर वाळताना आकसतात, गाठी सैल पडतात आणि चांदणी लंगडी होते.

प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर खूण करा. मध्ये १४ उरतात. हेच पाचकोनी ताऱ्याचं गणित: २३, १४, २३. पाच कामट्या एकाखालून एक, एकावरून एक अशा गुंफायच्या. छेद बरोबर खुणांवर पडले की पाचही टोकं आपोआप सारखी येतात. टोकं आणि छेद पक्क्या दोऱ्यानं बांधा. असे दोन तारे करा, एकमेकांवर ठेवा आणि फक्त पाच टोकं एकत्र बांधा. आता दोन ताऱ्यांच्या मध्ये, पाचही छेदांवर, एकेक आडवी काडी बसवा. काडी १४ सेंटिमीटरचीच घ्या. बरेच जण १५ किंवा २० ची घेतात आणि मग कागद कापताना रडकुंडीला येतात. १४ ची घेतली की पुढचे पाच, मागचे पाच आणि बाजूचे दहा असे वीसही त्रिकोण एकाच मापाचे होतात: २३, २३, १४. एक पुठ्ठ्याचा साचा पुरतो. शिवाय १४ च्या बाजूचे दोन पंचकोन, पुढे एक, मागे एक. सगळ्याला दीड सेंटिमीटर चिकटपट्टी सोडा.

खळ: दोन मोठे चमचे मैदा एक कप गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवून मंद आंचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. झुरळं खळ खातात, त्यासाठी चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, लहान मुलं चिकटवणार असतील तर अजिबात घालू नका. कागद पतंगाचा. जिलेटिन दिसतं झकास पण उन्हात ताणून टोकाशी उकलतं.

मागचा एक त्रिकोण फक्त एका बाजूनं चिकटवा, दिवा आत घालायला. एलईडी ५ किंवा ७ वॅटचा. जुना पिवळा बल्ब नको, आत हवा खेळत नाही आणि कागद करपतो. होल्डर वरच्या दोन आडव्या काड्यांना बांधायचा, वायरवर लोंबकळत ठेवायचा नाही.

वसईवाट

गोठ्यातल्या तणाबद्दल लिहितो. घटस्थापनेला धान्य पेरणाऱ्या घरांना हे हातचं काम आहे, फरक उजेडाचा. घट अंधाऱ्या देवघरात असतात म्हणून रोप पिवळं, उंच, लवचीक होतं. गोठ्याला हिरवं, बुटकं, ताठ हवं.

नाचणी रात्रभर भिजवा. पसरट ट्रेमध्ये दोन बोटं माती घ्या, चाळलेली, ओलसर. वर नाचणी एकेरी थरात पसरा आणि चिमूटभर माती भुरभुरवा. दोन दिवस वर्तमानपत्रानं झाकायचं, मोड दिसले की थेट गॅलरीच्या उजेडात. पाणी फक्त फवारून, सकाळ-संध्याकाळ. तांब्यानं ओतलं की दाणे एका कोपऱ्यात वाहून जातात आणि तिथे पांढरी बुरशी धरते. बुरशी दिसली तर तो तुकडा चमच्यानं काढून टाका, पाणी एक दिवस बंद.

गहू लवकर येतो, आठ-नऊ दिवसांत टीचभर. पण दहा सेंटिमीटरच्या मेंढपाळापुढे ते उसाचं शेत वाटतं. बारीक मूर्ती असतील तर नाचणीच.

बाळ येशूची मूर्ती २४ च्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायची नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचं मात्र विसरतात. त्यांचा सण ६ जानेवारीचा, गोव्यात रेईश मागूश, कुएली, चांदर इथे तो थाटात होतो. घरात राजांना २४ ला पुस्तकांच्या कपाटावर ठेवा आणि रोज थोडं थोडं गोठ्याकडे सरकवा. रोज कोण सरकवणार यावरून मुलांची भांडणं होतात, म्हणून आधीच पाळ्या लावा. गोठा ६ पर्यंत टिकवायचा तर नाचणीचा दुसरा ट्रे २४ तारखेला पेरून ठेवावा लागतो, पहिला तोवर पिवळा पडून आडवा होतो.

पाकाचीतार

गोव्यात शेजाऱ्यांना पाठवायच्या ताटाला कोंसुआद म्हणतात, मंगळुराकडे फराळाला कुसवार. बेबिंका आणि दोदोल हे गोड पदार्थ हातखंडा असणाऱ्यांनीच करावेत, डब्यात घालून भेट द्यायला पेराद आणि कुलकुल जास्त सोयीचे.

पेराद म्हणजे पेरूची वडी. डिसेंबरात पेरू स्वस्त आणि पिकलेले असतात. एक किलो पेरू, शक्यतो लाल गराचे, चार फोडी करून जेमतेम बुडेल इतक्या पाण्यात मऊ शिजवा. पाणी निथळून गर चाळणीवर घासून गाळा, बिया वर राहतात. मिक्सर फिरवायचा असेल तर बिया काढल्यावर. आधी फिरवला की बिया भरडल्या जातात आणि वडी दाताखाली कचकचते. गाळलेला गर वजन करा, त्याच्या पाऊणपट साखर. दोन लिंबांचा रस. जाड बुडाच्या स्टीलच्या भांड्यात मंद ते मध्यम आंचेवर ४० मिनिटं ते तास. लोखंडी कढई नको, आंबटपणानं काळपट रंग येतो. अर्ध्या तासानंतर गर उडायला लागतो आणि जिथे पडेल तिथे भाजतो, म्हणून लांब दांड्याचा उलथना आणि हाताला फडकं. गोळा कडा सोडून एकत्र फिरायला लागला की चमचाभर तूप. बशीत थेंब टाकून गार करा, बोटांत गोळी वळली आणि चिकटली नाही की उतरवा. तूप लावलेल्या ताटात दीड सेंटिमीटर जाड थापून दोन दिवस मलमलखाली वाळवा, मग कापा. लिंबू टाळू नका. त्यानं चवही येते आणि साखर परत दाणेदार होत नाही.

कुलकुलांना ५०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बारीक रवा, ७५ ग्रॅम पिठीसाखर, चिमूट मीठ, ५० ग्रॅम गरम तुपाचं मोहन आणि साधारण २०० मिलिलिटर नारळाचं दाट दूध. दूध एकदम ओतू नका, पीठ पुरीपेक्षा घट्ट हवं. अर्धा तास झाकून ठेवा. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या, धुतलेल्या कंगव्यावर अंगठ्यानं पसरून गुंडाळायची. शेवटची कड दाबून बंद झाली नाही तर तेलात उलगडते आणि शंखाऐवजी पानाचा द्रोण होतो. पीठ सुकलं तरी हेच होतं, ओलं फडकं टाकून ठेवा. तेल मध्यम: पिठाची गोळी तळाशी जाऊन सावकाश वर यावी. लगेच उसळून आली तर तेल जास्त तापलंय, वरून लाल आणि आत कच्चे राहतील, दुसऱ्या दिवशी मऊ पडतील. पिठात साखर वाढवली तरी तसंच, रंग आधी येतो आणि आच लागत नाही.

साखरेचं कोटिंग: २५० ग्रॅम साखर, १०० मिलिलिटर पाणी, गोळीबंद पाक. गॅस बंद करून कुलकुल टाका आणि पाक पांढरा होऊन सुटा होईपर्यंत हलवत राहा. थांबलात तर सगळ्यांचा एकच लाडू होतो. नारळाचं दूध असल्यामुळे १५ दिवसांत संपवावेत, नंतर खवट वास येतो.

खटपट्या

केकचा मेवा रमऐवजी संत्र्याच्या रसात भिजवला तर चालतो का? महिनाभर आधी?

पाकाचीतार

महिनाभर नाही. रममध्ये मेवा टिकतो तो दारूमुळे: ५०० ग्रॅम मेव्याला १५० ते २०० मिलिलिटर, काचेच्या बरणीत, दोन-तीन दिवसांनी हलवायचा. रसात मेवा बाहेर ठेवला की दोन दिवसांत फसफसतो. रसाचा करायचा तर केकच्या आदल्या दिवशी रस कोमट करून त्यात भिजवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. दोन्ही प्रकारांत केकमध्ये घालण्याआधी मेवा निथळून घ्या आणि मोजलेल्या मैद्यातलाच दोन चमचे मैदा त्याला चोळा, नाहीतर सगळा तळाशी बसतो.

चिठ्ठीचपाटी

घरात हसायची सोय नाताळाच्या रात्री दोन गोष्टी करतात: क्रॅकर आणि हाऊजी. क्रॅकर म्हणजे दोघांनी दोन टोकं धरून ओढायचं कागदी नळकांडं. टॉम स्मिथ नावाच्या लंडनच्या मिठाईवाल्यानं १८४० च्या दशकात गोळीच्या कागदी पुडीतून ते काढलं. आत कागदी मुकुट, चिमुकली भेट आणि एक विनोद. ज्याच्या हातात मोठा तुकडा राहील त्याचा ऐवज.

टॉयलेट पेपरची पुठ्ठ्याची नळी साधारण १० सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर व्यासाची असते. एक अख्खी नळी मध्ये, दुसरी अर्धी कापून दोन बाजूंना, मध्ये दीड-दीड सेंटिमीटरची फट. कागद ३० बाय १८. फटीवर सुती दोरा दोनदा गुंडाळून हळूच आवळायचा, एका दमात आवळला की कागद फाटतो. एक बाजू बांधली की ऐवज भरा, मग दुसरी.

फसतं ते बहुतेक कागदामुळे. चकचकीत गिफ्ट पेपरला प्लास्टिकचा थर असतो, तो फाटतच नाही, दोघं रस्सीखेच करत बसतात. खाकी किंवा क्रेप घ्या. आतलं सामान ठासून भरू नका. मुकुटाला पतंगाचा कागद ६२ सेंटिमीटर लांब, १२ उंच. डोक्याचा घेर मोठ्यांचा ५४ ते ६० असतो आणि दोन सेंटिमीटर जोडात जातात.

विनोदाला माझ्या मते एकच कसोटी: उत्तर ऐकून सगळ्यांनी एकदम 'अरे देवा!' म्हटलं पाहिजे. फार हुशार विनोद दोघांनाच कळतो, बाकीचे जेवायला लागतात. प्रश्न पुढे, उत्तर मागे, मोठ्या अक्षरात, आजीला चष्म्याशिवाय वाचता येईल असं. नमुने:

कोणती तार घरी आली की तोंड गोड होतं? पाकाची.

सांताक्लॉज सोसायटीच्या फाटकातून का येत नाही? वॉचमन वहीत गाडीचा नंबर मागतो आणि रेनडियरला नंबरप्लेट नसते.

पाच टोकं, पोटात दिवा, अकरा महिने माळ्यावर ठेवा. (चांदणी)

दात काळे-पांढरे, पोटात वारा, दाबला दात की जागा शेजार सारा. (बाजाची पेटी)

नवविवाहितांच्या क्रॅकरमध्ये विनोदाऐवजी उखाणा: 'कुलकुलाला पाक, पेरूची वडी, …रावांचं नाव घेते, ओढा फटाकडी.'

कुणाच्या वजनावर, लग्नावर, परीक्षेच्या निकालावर विनोद घालू नका. क्रॅकर कुणाच्या हातात जाईल ते सांगता येत नाही.

परदेशी_पतंग

क्रॅकरचा आवाज ज्यानं होतो ती पट्टी राहिली. तिला स्नॅप म्हणतात, पुठ्ठ्याच्या दोन अरुंद पट्ट्या, मध्ये घासलं की फुटणारं रसायन अगदी किंचित. इंग्लंडात हस्तकलेच्या दुकानांत सुट्या मिळतात. तिथे १२ वर्षांखालच्यांना क्रॅकर विकायला कायद्यानं बंदी आहे. पट्टी मधल्या नळीतून आरपार जाऊन दोन्ही बाजूंच्या मुठीत आली पाहिजे आणि ओढताना कागदाबरोबर तिचं टोकही चिमटीत धरायचं. सुटली तर कागद फाटतो, आवाज येत नाही. भारतात येताना सामानात आणायचा विचार असेल तर आधी विमान कंपनीला विचारा, बऱ्याच कंपन्या क्रॅकर नेऊच देत नाहीत.

खटपट्या

स्नॅप नाही मिळाली तर दिवाळीतल्या बंदुकीच्या टिकल्या चिकटवल्या तर?

चिठ्ठीचपाटी

अजिबात नको. टिकलीतली दारू घासल्यावर पेटते, आणि इथे ती कागदाच्या नळीत, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असते. काडेपेटीच्या गुलाचंही तेच. त्यापेक्षा पॉलिशपेपरच्या दोन पट्ट्या खरखरीत बाजू समोरासमोर करून घाला, प्रत्येकीचं एक टोक एकेका मुठीत. ओढताना मस्त 'खर्रर्र' होतं.

आता हाऊजी. तिकीट हातानं आखता येतं: तीन ओळी, नऊ रकाने, एकूण १५ आकडे, प्रत्येक ओळीत पाचच. पहिल्या रकान्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, शेवटच्यात ८० ते ९०. कुठलाही रकाना पूर्ण रिकामा नको. दोन तिकिटांत सगळे आकडे तेच आले तर दोन फुल हाऊस एकदम होतात, तेवढं तपासा.

मजा पुकारण्यात. आकड्यांना इंग्रजीतली बदकं आणि काठ्या म्हणणं पुरे झालं, आपल्याकडे आकडे बोलके आहेत. १४ विद्या, ६४ कला, ५६ भोग, ३३ कोटी. ३६ आला की 'पाठ फिरवलेले शेजारी' आणि ६३ आला की 'समेट झालेले शेजारी', कारण देवनागरीत लिहिलं की ३ आणि ६ तसेच दिसतात. ५२ पत्ते. २४ 'केक झाकून ठेवा', २५ 'आता कापा'. पुकारणाऱ्यानं आधी कोडं म्हणायचं, तीन मोजायचे, मग आकडा. थेट आकडा सांगितला की खेळ नुसता हिशोब होतो.

काळी_पाच

गाण्यांवर जरा सविस्तर लिहितो, कारण घरोघरी एकच चूक होते: पट्टी.

'सायलेंट नाइट' घ्या. मराठीतही शब्द आहेत. ऐकायला अंगाई, पण खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत पसारा दीड सप्तकाच्या जवळ: मंद्रातला सा धरला तर तो पुढच्या सप्तकाच्या मध्यमापर्यंत चढतो. कीबोर्डवाला सवयीनं पांढरी एक (सी) हा सा धरतो आणि शेवटून दुसऱ्या ओळीला सगळ्या बायका किंचाळतात, पुरुष गप्प होतात. पांढरी सहा (ए) धरा. मग सगळ्यात वरचा सूर पांढरी दोनवर (डी) येतो, तो बहुतेकांना झेपतो. गिटारवर दुसऱ्या पट्टीवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जी, सी, डी एवढ्या तीन कॉर्डवर सगळं गाणं होतं. २४ डिसेंबर १८१८ ला ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडॉर्फच्या चर्चमध्ये ते पहिल्यांदा गायलं गेलं तेव्हाही साथीला गिटारच होती, त्यामुळे घरी ऑर्गन नाही म्हणून अडायचं कारण नाही.

ताल सहा मात्रांचा, आपला दादरा चपखल बसतो. पण तबला उघड्या धा-नं वाजवला की अंगाईची लावणी होते. विलंबित धरा, डग्ग्यावर नुसती बोटं. तबलजी उत्साही असेल तर त्याच्या हातात खंजिरी द्या आणि पहिल्या मात्रेलाच वाजवायला सांगा.

पेटी शिकायला लागलेल्या मुलांना 'जॉय टू द वर्ल्ड' द्या. त्याची पहिली ओळ म्हणजे बिलावलचा सरळ अवरोह: सां नी ध प म ग रे सा. लय वेगळी आहे, स्वर तेच. पाच मिनिटांत वाजतं आणि मूल खूश.

पेटी आणि गिटार एकत्र असतील तर गिटारनं पेटीशी जुळवून घ्यायचं, पेटीचे सूर जागच्या जागी बदलत नाहीत. जुन्या पेट्या बहुधा आजच्या प्रमाण पट्टीपेक्षा थोड्या वर-खाली असतात. मोबाइलच्या ट्यूनरवर गिटार लावून बसलात तर दोघं स्वतंत्रपणे सुरात आणि एकत्र बेसूर. कीबोर्ड असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये बारीक ट्यूनिंग असतं, तेही पेटीप्रमाणे सरकवा.

आणि कृपा करून सगळी रात्र इंग्रजी कॅरोलवर काढू नका. नारायण वामन टिळकांची पदं भजनी चालींवर आहेत, मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या 'उपासना संगीत'मध्ये मिळतात. पेटी, तबला, टाळ असले की घर भरून जातं, आणि शब्द सगळ्यांना कळत असल्यामुळे चौथ्या कडव्यापर्यंत आवाज खाली जात नाही. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण (ख्रिस्ताची कथा सांगणारं ओवीबद्ध मराठी काव्य) तर १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. त्याच्या दुसऱ्या पुराणातल्या जन्मकथेच्या दहा-बारा ओव्या एकानं संथ लयीत म्हणायच्या. त्यात जुने शब्द आहेत, आदल्या दिवशी मोठ्यानं वाचून घ्या.

२५ मिनिटांत आठ गाणी भरपूर होतात. वेगवान गाण्यानं सुरुवात, अंगाई शेवटी, दिवे मंद करून.

उंबरठा

काळी_पाच दादा, ओवीवरून सुचलं. भेटीला लावायच्या चिठ्ठीवर नुसतं नाव न लिहिता एकेक ओवी लिहिली तर? तीन चरण यमकाचे, चौथा छोटा, मोकळा. उदाहरणार्थ:

नाताळाची थंड रात,
चांदणीची मंद वात,
आजीच्या हातांत हात,
घर उजळे.

ज्याला भेट मिळेल त्यानं ओवी आधी गाऊन दाखवायची, मग वेष्टण फोडायचं.

काळी_पाच

फार छान. चौथा चरण खरंच छोटा ठेवा, लांबवला की म्हणताना श्वास पुरत नाही. एक यमक सापडलं नाही म्हणून भलताच शब्द कोंबू नका, दुसरं यमक घ्या.

वाद्य येत नसलेल्या मुलांसाठी: पितळी घुंगरं सहा-सहा करून रुंद इलॅस्टिकवर शिवा, मनगटाला घालता येतात. इलॅस्टिक ताणून धरून शिवायचं, नाहीतर हात घालताना टाके तुटतात. सारख्या आकाराच्या आठ काचेच्या बाटल्यांत पाणी भरून सप्तकही लागतं. चमच्यानं वाजवताना पाणी जास्त तितका सूर खाली, तोंडानं फुंकलं तर उलट, पाणी जास्त तितका सूर वर. मुलं दोन्ही एकदम करतात आणि गोंधळतात, आधीच ठरवा. सूर त्याच दिवशी लावा.

कामटी

भेट म्हणून मेणबत्ती करणाऱ्यांसाठी थोडक्यात. ५०० ग्रॅम पॅराफिन मेण, ५० ग्रॅम स्टिअरिक अॅसिड. मेण थेट गॅसवर कधीच नाही, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून. पेटलं तर पाणी टाकायचं नाही, झाकण घालायचं. काचेचा ग्लास कोमट करून घ्या, गार काचेत गरम मेण ओतलं की तडकतो किंवा मेण काच सोडतं. थंड होताना मेण आकसून वातीभोवती खड्डा पडतो, म्हणून थोडं मेण राखून ठेवा आणि तासाभरानं वरून भरा. वात विणलेल्या सुताची विकत मिळते ती घ्या. फुलवात मेणात वाकून बुडते. ज्योत मध्येच विहीर खणत खाली गेली तर वात बारीक आहे, काजळी धरली तर जाड.

खटपट्या

शेवटचा प्रश्न. कामटीकाका, चांदणी बांधली. छेद खुणांवर आहेत, पण चौदाच्या काड्या बसवल्यावर एक टोक पुढे झुकलंय.

कामटी

त्या टोकाला येणाऱ्या चार कामट्यांपैकी एखादी जाड असणार. जाड कामटी वाकत नाही आणि टोक आपल्याकडे ओढते. काढू नका. छेदापासून टोकापर्यंत तेवढाच भाग आतल्या बाजूनं चाकूनं हलका तासा, पाठ तासायची नाही, तिथे बांबूची ताकद असते. मग त्या टोकाची गाठ सोडून परत बांधा. कागद त्यानंतरच.

वसईवाट

पाकाचीतार ताई, पेराद तीन दिवस मलमलखाली आहे आणि अजून बोटाला चिकटतेय. आता काय?

पाकाचीतार

पाक कमी शिजलाय, वाळवून सुटणार नाही. ताटातून खरवडून परत भांड्यात घ्या, दोन चमचे पाणी, मंद आंच, सतत ढवळत दहा-पंधरा मिनिटं. पाण्याशिवाय चढवलीत तर तळाला लागेल. गोळीची परीक्षा गार बशीवर करा, गरम गर नेहमी सैलच दिसतो. ताट धुऊन, पुसून, तूप लावून मगच थापा.